डेटाबेस-प्रणालींचे सहस्थापन

डेटाबेस-प्रणालींचे सहस्थापन : एकाच संगणकावर एका डेटाबेस-प्रणालीच्या दोन वा अधिक आवृत्त्या परस्परांना बाधा न आणता चालू ठेवण्याची पद्धती. जुन्या आवृत्तीने साठविलेल्या नोंदी नव्या आवृत्तीला थेट वाचता येतातच असे नाही. म्हणून नोंदींचे स्थलांतर होऊन त्यांची पडताळणी पुरी होईपर्यंत जुनी आवृत्ती राखणे, हा या पद्धतीचा मुख्य हेतू होय.

अशी गरज संगणकापूर्वीच्या दप्तरांतही होती. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचा औरंगाबाद) जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. संस्थानच्या महसुली दप्तरात उर्दू भाषा व फसली सन रूढ होते. फसली सनात ५९० मिळविले असता स्थूलमानाने इसवी सन येतो. १९५४-५५ मध्ये खासरा पत्रके तयार झाली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात समाविष्ट झाला व पुढे सातबाराचा नमुना लागू झाला. तथापि जमिनीच्या हक्काविषयी वाद उद्‌भवल्यास आजही खासरा पत्रके काढून पाहावी लागतात. कारण नव्या नमुन्यात नोंद उतरविताना झालेली चूक मूळ नोंद उपलब्ध असेल, तरच सिद्ध करता येते.

संगणकावर हा प्रश्न संबंधात्मक डेटाबेसच्या प्रसाराबरोबर पुढे आला. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये नोंदी तक्त्यांच्या रूपाने मांडण्याचे प्रतिमान प्रसिद्ध केले. ओरॅकल ही प्रणाली १९७९ मध्ये बाजारात आली. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली १९८६ मध्ये पोस्टग्रेस प्रकल्प सुरू झाला. त्यातून विकसित झालेल्या प्रणालीस १९९६ मध्ये पोस्टग्रेस्क्यूएल हे नाव मिळाले. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये एका संगणकावर अनेक स्वतंत्र नामांकित प्रती चालविण्याची सोय २००० च्या आवृत्तीपासून झाली.

सहस्थापनात प्रत्येक आवृत्तीची आज्ञावली, नोंदींची फोल्डर व संपर्काचा पोर्ट क्रमांक या तीन बाबी वेगळ्या ठेवतात. पोस्टग्रेस्क्यूएलचा नेहमीचा पोर्ट ५४३२ असतो. दुसऱ्या आवृत्तीस ५४३३ यांसारखा निराळा क्रमांक देतात. नोंदींच्या फोल्डरमध्ये आवृत्तीचा क्रमांक लिहिलेला असतो. तो जुळला नाही, तर ही प्रणाली सुरू होण्याचेच नाकारते. पूर्वी सर्व नोंदी बाहेर काढून नव्या आवृत्तीत पुन्हा भराव्या लागत. २०१० च्या ९.० या आवृत्तीबरोबर आलेल्या पीजी-अपग्रेड या साधनाने हे काम जलद झाले. मात्र त्यासाठीही दोन्ही आवृत्त्यांच्या आज्ञावली संगणकावर असाव्या लागतात. या साधनाने मूळ फाइलींची नक्कल न करता त्यांनाच जोडून घेतले असेल, तर नवी आवृत्ती सुरू केल्यावर जुनीकडे सुरक्षितपणे परतता येत नाही. म्हणून आधी स्वतंत्र प्रत काढून ठेवणे आवश्यक ठरते.

महाराष्ट्रात सातबारा संगणकावर आल्यावर हेच तत्त्व प्रत्ययास आले. हस्तलिखित व संगणकीकृत उतारे ताडून पाहण्यासाठी २०१७ मध्ये गावोगाव चावडीवाचन करण्यात आले; अंकीय स्वाक्षरीचा सातबारा त्यानंतर, २०१८ मध्ये उपलब्ध झाला.