युनिक्सचा परकायाप्रवेश

योग्याने आपला देह सोडून दुसऱ्याच्या देहात शिरावे, या विद्येला आपल्या परंपरेत परकायाप्रवेश म्हणतात. संगणकाच्या इतिहासातही असा एक प्रवेश १९७७ साली घडला. मात्र तो मंत्राने नव्हे, तर चिकाटीच्या परिश्रमाने.

संगणकाचे यंत्र आपण होऊन काहीच करीत नाही. स्मृतीची वाटणी करणे, अनेक कामांना पाळीपाळीने वेळ देणे, जोडलेल्या उपकरणांवर देखरेख ठेवणे हा सारा कारभार ऑपरेटिंग सिस्टिम पाहते. तिच्या अंतर्भागाला कर्नल, म्हणजे गाभा, असे नाव आहे. हा गाभा यंत्राला लगटून असल्यामुळे तो त्या यंत्राच्याच असेंब्ली भाषेत लिहिण्याची वहिवाट होती. परिणामी यंत्र मोडीत निघाले की वर्षानुवर्षांचे लेखनही त्याच्याबरोबर मोडीत निघे.

अमेरिकेतील मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन यांनी १९६९ मध्ये पीडीपी-७ या यंत्रावर युनिक्सचा आरंभ केला, तो असेंब्लीतच. पुढे युनिक्स पीडीपी-११ वर आली आणि १९७३ मध्ये टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी तिचा गाभा, रिची यांनीच घडविलेल्या सी भाषेत, नव्याने लिहिला. भाषा उच्च झाली खरी. परंतु गाभा वाढत होता एकाच घरात, आणि त्या घरच्या सवयी त्याच्या अंगी मुरल्या होत्या.

त्या सवयी कोणत्या, हे घर सोडल्यावाचून कळणार कसे? म्हणून रिची व स्टीव्ह जॉन्सन यांनी इंटरडेटा ८/३२ हे निराळ्या घडणीचे यंत्र घेतले. पीडीपी-११ चे शब्द १६ बिटांचे, तर याचे ३२ बिटांचे. पहिले यंत्र शब्दातील कनिष्ठ बाइट आधी ठेवी, दुसरे ज्येष्ठ बाइट. संख्या आणि स्मृतीतील पत्ता यांत भेद न करता लिहिलेल्या ओळी जुन्या यंत्रावर बिनबोभाट चालत. नव्या यंत्रावर त्यांचे दोष उघडे पडण्याचा धोका होता. अशा संशयास्पद ओळी हुडकण्यासाठी जॉन्सन यांनी ‘लिंट’ नावाचा प्रोग्रॅम रचला.

त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात, वुलनगाँग विद्यापीठात, रिचर्ड मिलर हे इंटरडेटा ७/३२ वर स्वतंत्रपणे हेच कार्य सिद्धीस नेत होते. दोन खंडांत एकाच प्रश्नाला एकच उत्तर मिळत होते.

ते उत्तर आकड्यांत पाहावे. बेल प्रयोगशाळेतील गाभ्याच्या, उपकरणांचे चालक आणि असेंब्लीचा अंश वगळता, सुमारे ७,००० ओळींपैकी दोन यंत्रांमध्ये भिन्न राहिल्या त्या अवघ्या ३५०. शंभरांत पाच! जे यंत्राशी अभेद्यपणे जडलेले वाटत होते, त्यातील बहुतांश केवळ विचार होता, आणि विचाराला स्थलांतराची बंदी नसते.

१९७९ ची सातवी आवृत्ती हा वारसा घेऊन बाहेर पडली. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टॉरवाल्ड्स यांनी इंटेल ३८६ साठी लिनक्स लिहिली, तेव्हा ती अन्य यंत्रांवर नेता येण्याजोगी नाही, असे त्यांनीच जाहीर केले होते. आज तीच खिशातील फोनपासून महासंगणकापर्यंत नांदते आहे. यंत्रे येतात आणि जातात. त्यांच्या सवयींपासून सोडवून घेतलेला विचार मात्र मागे उरतो.