कॅसेटचं कूळ

पेठ वडगावात गेमला ‘कार्ट्रिज’ म्हणणारं माणूस मी लहानपणी पाहिलं नाही. आमच्याकडं ती कॅसेट. मारिओची कॅसेट, टँकची कॅसेट, ‘९९९९ इन १’ची कॅसेट. सोमवारी बाजाराला गावात गर्दी उसळायची, आणि त्या गर्दीतून वाट काढत आम्ही पोरं कॅसेटच्या दुकानाकडं पळायचो. जुनी कॅसेट द्यायची, वर थोडे पैसे द्यायचे, दुसरी घेऊन यायची. ती पिवळी डबी खिशात दाबून घरी आलो की सोप्यातल्या टीव्हीपुढं वायरींचा पसारा मांडला जाई आणि दादा म्हणे, “अरं, आधी फुक की तिच्यात!”

पुढं शिकायला पुण्याला गेलो. तिथं एकदा सहज म्हणालो, “आमच्याकडं बासष्ट गेमची कॅसेट होती.” समोरच्या मुलानं लगेच दुरुस्ती केली. कॅसेट गाण्याची असते, गेमचं असतं ते कार्ट्रिज. मला ते लागलं. आपण गावाकडचे, आपला शब्द चुकीचा, असं मनाशी धरून मी तो शब्द कित्येक वर्षं टाकून दिला. नंतर मात्र त्या डबीचं मूळ शोधायला बसलो. या शब्दावर कुणीही माझ्यासारखं पाणी सोडू नये, म्हणून ही कुळकथा.

आधी दोन्ही शब्दांची घराणी पाहू. ‘कॅसेट’ फ्रेंच भाषेतून आलेला शब्द आहे. त्याचा अर्थ लहान पेटी, डबी. १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात फिलिप्स कंपनीनं फितीची छोटी कॅसेट मांडली आणि हा शब्द जगभर फिरला. ऐंशीच्या दशकात तो आपल्याकडं घरोघरचा झाला. भजनाची कॅसेट, लावणीची कॅसेट, मग व्हिडिओवर लावायची पिक्चरची कॅसेट. यंत्रात घातली की यंत्र बोलू लागतं अशी डबी, एवढा त्याचा अर्थ मराठी माणसानं पक्का केला. ‘कार्ट्रिज’चं घराणं वेगळं. फ्रेंच ‘कार्तूश’ म्हणजे बंदुकीच्या दारूची कागदी पुंगळी. त्याच घराण्यातला पोर्तुगीज ‘कार्तूशो’ आपल्याकडं येऊन ‘काडतूस’ झाला. म्हणजे कार्ट्रिज आणि काडतूस हे सख्खे चुलतभाऊ. एका शब्दात डबी आहे, दुसऱ्यात बार. गेमच्या वस्तूला दोन्ही शोभतात.

आता वस्तूचं मूळ. सुरुवातीच्या घरगुती व्हिडिओ गेममध्ये खेळ यंत्रातच कायमचे बसवलेले असत. त्यांचा कंटाळा आला की यंत्राचाच कंटाळा आला. १९७६ साली अमेरिकेत फेअरचाइल्ड कंपनीच्या ‘चॅनल एफ’ या यंत्रानं खेळ चिपवर ठेवून ती चिप वेगळ्या डबीत घातली. हे काम करणाऱ्या गटाचा प्रमुख जेरी लॉसन हा कृष्णवर्णीय अभियंता होता. पुढच्याच वर्षी अटारीनं हीच रीत उचलली आणि ती घराघरांत नेली. तिकडं त्या डबीचं नाव कार्ट्रिज पडलं.

जपानात मात्र तिचं बारसं दुसऱ्या नावानं झालं. एपॉक कंपनीनं १९८१ साली आपल्या यंत्राचं नावच ‘कॅसेट व्हिजन’ ठेवलं. १५ जुलै १९८३ रोजी निन्टेंडोचा ‘फॅमिली कॉम्प्युटर’, म्हणजे ‘फॅमिकॉम’, १४,८०० येन किमतीला बाजारात आला. मासायुकी उएमुरा यांनी घडवलेल्या या यंत्रातल्या डबीलाही जपानी पोरं ‘कासेत्तो’ म्हणत आली. कासेत्तो म्हणजेच कॅसेट. पुण्यात माझा शब्द चुकीचा ठरला, पण तो ज्या देशात फॅमिकॉम घडला तिथल्या पोरांच्याच तोंडचा शब्द होता. वडगावला तो जपानहून आला नाही. तिकडं आणि इकडं, दोन्हीकडं लोकांनी हाताशी असलेला एकच शब्द उचलला.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यात खेळ खरोखरच्या फितीवरही मिळत. इंग्लंडच्या स्पेक्ट्रम संगणकाची भारतीय आवृत्ती डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं १९८६ मध्ये काढली. तिच्यावर खेळ चढवायचा तर टेपरेकॉर्डरला गाण्याच्या कॅसेटसारखीच कॅसेट लावायची आणि तो किरकिरा आवाज काही मिनिटं ऐकत थांबायचं. चिपच्या कॅसेटला हे थांबणं नव्हतं. तिच्यातला खेळ यंत्रात भरावाच लागत नाही. यंत्राचा मेंदू चिपवरची आज्ञा जागच्या जागी वाचतो. म्हणून बटण दाबलं की मारिओ उभा.

आमच्या कॅसेटचं कूळ कोणतं, याचा दाखला तिच्या दातांत आहे. डबीच्या पोटातून हिरव्या पट्टीवरचे सोनेरी दात दिसतात. ते मोजले तर एका बाजूला तीस, दुसऱ्या बाजूला तीस. जपानच्या फॅमिकॉमचे साठच. निन्टेंडोनं १९८५ साली अमेरिकेत आणलेल्या आवृत्तीचे मात्र बहात्तर. साठ दात हे जपानी घराण्याचं लक्षण. नव्वदीत आपल्याकडं निरनिराळ्या नावांनी विकली गेलेली ही यंत्रं याच फॅमिकॉमच्या नकला होत्या. मूळ यंत्रातल्या निरनिराळ्या चिपांचं काम पुढं एकाच चिपेत मावू लागलं. ती चिपही उघडीच बसवून वर काळ्या रसायनाचा ठिपका टाकला की काम झालं. यंत्र स्वस्त झालं, म्हणूनच ते उसाच्या बिलावर चालणाऱ्या घरापर्यंत पोचू शकलं.

‘९९९९ इन १’चं कोडंही कॅसेटमधल्या तसल्याच ठिपक्याखाली होतं. एका मोठ्या चिपेवर वीस-तीस छोटे खेळ शेजारी शेजारी लिहिलेले असत. यादीतले बाकीचे आकडे म्हणजे तेच खेळ, फक्त सुरुवात पुढच्या टप्प्यापासून किंवा जास्तीच्या जिवांनी. आकडा खोटा होता. खेळ खरे होते. त्यांतले बरेचसे १९८४-८५ चे होते. म्हणजे जपानची पोरं ते खेळून मोठी झाली आणि त्यानंतर दहा वर्षांनी ते आमच्याकडं आले.

आज ते खेळ पुन्हा खेळून पाहिले. मारिओ १३ सप्टेंबर १९८५ चा, शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांचा. हा सबंध खेळ ४० किलोबाइटचा आहे. ३२ आज्ञांचे, ८ चित्रांचे. मोबाईलवरचा एक साधा फोटो याच्या कितीतरी पट जागा खातो. तेवढ्यात आठ जगं आणि बत्तीस टप्पे बसवले आहेत. आभाळातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग बदललेला. मला मात्र सर्वांत मोठी वाटते ती पहिल्याच पडद्यावरची शिकवण. मारिओ डावीकडं उभा, उजवीकडं मोकळी जागा, म्हणजे उजवीकडं जायचं. समोरून एक शत्रू येतो, म्हणजे उडी मारायची. इंग्रजी न येणाऱ्या पोराला एक अक्षर न वाचता सगळं कळलं. चाळीस वर्षं झाली तरी त्या पहिल्या पडद्यात काही कमी-जास्त करावंसं वाटत नाही.

कोजी कोंदो यांनी दिलेलं त्याचं संगीत आमच्या कानात मात्र थोडं संथ बसलं आहे. जपानचा टीव्ही सेकंदाला साठ चित्रं दाखवी, आपला पाल पद्धतीचा पन्नास. खेळाची चाल चित्रांच्या मोजणीवर बांधलेली. त्यामुळं पन्नासच्या हिशेबानं चालणाऱ्या यंत्रांत मारिओ एक षष्ठांशानं हळू धावला आणि त्याची धूनही हळू वाजली. मूळ चाल पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला ती घाईची वाटली.

‘टँक’चं खरं नाव ‘बॅटल सिटी’. नाम्को कंपनी, सप्टेंबर १९८५. माझ्या मते दोघांनी मिळून खेळायचा त्या काळातला हा सर्वोत्तम खेळ. प्रत्येक टप्प्यात शत्रूचे वीस रणगाडे असतात आणि खाली विटांच्या आडोशाला आपला गरुड. चुकून आपलीच गोळी गरुडाला लागली तरी डाव संपतो. जोडीदाराला लागली तर तो मरत नाही, क्षणभर जागेवर थिजतो. दादाची आणि माझी निम्मी भांडणं त्या एका क्षणाची आहेत. पण एवढंच नाही. त्यात स्वतःचा नकाशा बांधायची सोय होती. विटा, पोलाद, पाणी, झाडी हवी तिथं मांडायची. आम्ही गरुडाभोवती पोलादाचा कोट बांधायचो. खेळ घडवणं म्हणजे काय, ते मला तिथं पहिल्यांदा समजलं. हा खेळ अमेरिकेतल्या त्या यंत्रावर अधिकृतपणे कधी विकलाच गेला नाही. वडगावच्या पोरांच्या हातात तो होता, तिकडच्या बहुतेकांच्या नव्हता.

१९८४ चा बदकांवर नेम धरायचा ‘डक हंट’ आज घरच्या सपाट टीव्हीवर खेळताच येत नाही, याचं मनापासून वाईट वाटतं. बंदुकीतून काही सुटत नसे, उलट ती पडद्याकडं बघत असे. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होई आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे. बंदुकीतल्या डोळ्याला तो उजेड दिसला की नेम लागला. हे गणित काचेच्या नळीच्या टीव्हीच्या झटपट उजेडावर बसवलेलं. सपाट टीव्हीचं चित्र तेवढ्या वेळेवर येत नाही. तो जुना टीव्ही भंगारात गेला आणि त्याच्याबरोबर हा खेळही गेला.

आणि फुंकर? तिनं काही होत नव्हतं. दातांवर धूळ आणि गंज बसलेला असे. कॅसेट काढून पुन्हा घातली की दात घासले जात आणि जोड लागे. तोंडातल्या ओलाव्यानं उलट गंज वाढायचा. खुद्द निन्टेंडोही फुंकू नका असंच सांगे. काम व्हायचं ते काढण्या-घालण्यानं, नाव व्हायचं फुंकरीचं.

या कॅसेटनं आमच्यावर एक अन्याय केला. अनेक कॅसेटींत खेळाच्या पहिल्या पानावरून कर्त्याचं नाव आणि साल पुसून टाकलेलं असे. पिक्चर बघताना आम्हाला दिग्दर्शकाचं नाव दिसे, गाण्याच्या कॅसेटवर गायकाचं. गेमच्या मागं माणूस असतो, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. आमच्या गावात सेनापती धनाजी जाधवांची समाधी आहे. काम करून गेलेल्याचं नाव जपायचं असतं, हे तिथल्या पोराला वेगळं शिकवावं लागत नाही.

परवा घरी गेलो तेव्हा माळ्यावरच्या खोक्यात ती पिवळी डबी सापडली. दात पुसले. मग पांढरी पट्टी कापली आणि बारीक अक्षरांत लिहून तिच्या पाठीवर चिकटवली. मारिओ : मियामोतो, तेझुका, संगीत कोंदो, १९८५. टँक : नाम्को, १९८५. डक हंट : निन्टेंडो, १९८४. यंत्र : उएमुरा, १९८३. डबीत खेळ घालणारा : जेरी लॉसन, १९७६. जागा उरली होती, म्हणून सगळ्यांत वर ठळक लिहिलं : कॅसेट.