सुई आधी कुठे टोचायची?

भीमा आणि मुळा-मुठा यांच्या मधल्या राहू बेटात सगळीकडे ऊस आहे. उसात घोणस असते. ती चावली की प्रतिविष शिरेतूनच द्यावे लागते. तिच्या विषाने रक्त गोठेनासे होते, म्हणून चुकलेल्या प्रत्येक टोचणीतून ते झिरपत राहते. अशा वेळी सिस्टरला शीर पहिल्या प्रयत्नात सापडावी लागते. हे कसब ती कुणाच्या हातावर शिकली, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि तो जुना आहे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात नववा अध्याय केवळ सरावाचा आहे. शिष्याने कापण्याचा सराव कोहळ्या-भोपळ्यावर करावा आणि वेध घेण्याचा सराव मेलेल्या जनावरांच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर करावा, असे तिथे सांगितले आहे. शारीरस्थानात तर शिरांना माशांसारख्या चंचल म्हटले आहे, आणि त्यांच्या बाबतीत कुणीच पुरता निष्णात नसतो, असेही बजावले आहे. तेव्हा शिरेतून रक्त काढायचे होते, आत काही सोडायचे नव्हते. तरी माणसाआधी देठ, हा क्रम पक्का होता.

शिरेत औषध सोडण्याचा प्रयोग 1656 च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये ख्रिस्तोफर रेनने कुत्र्यावर केला. त्याने पिसाची नळी आणि प्राण्याचे मूत्राशय वापरले. माणसाला सलाईन मिळाले ते 1832 च्या पटकीच्या साथीत, स्कॉटलंडमधल्या लीथ येथे. डॉ. थॉमस लाटा यांनी मरणोन्मुख म्हातारीच्या शिरेत मिठाचे पाणी सोडले आणि अर्ध्या तासात तिला तरतरी आली. लाटा तिला रुग्णालयाच्या शल्यवैद्यावर सोपवून निघाले. जुलाब-उलट्या पुन्हा सुरू झाल्या, पण पाणी पुन्हा दिले गेले नाही आणि काही तासांत ती गेली. उपाय खरा होता, पण मागे राहिलेल्या हातांपर्यंत तो पोचलाच नव्हता. या साऱ्या इतिहासातली मला सर्वांत बोचणारी गोष्ट हीच.

पुढे बराच काळ शीर हा डॉक्टरांचाच प्रांत राहिला. पोलादी सुई हात हलला की शीर फाडायची. 1950 मध्ये मेयो क्लिनिकच्या डेव्हिड मासा यांनी सुईवर प्लास्टिकची नळी चढवली. सुई काढायची, नळी आत ठेवायची. आपल्या वॉर्डात जिला ‘इंट्राकॅथ’ म्हणतात, तिचे मूळ हे. अशी नळी आत टिकू लागली आणि हळूहळू हे काम परिचारिकेकडे आले.

पण आपल्याकडे परिचारिका तयार करणेच मुळात अवघड होते. 1909 मध्ये रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन उभे केले आणि बायकांना परिचर्येच्या शिक्षणाकडे वळवले, तेव्हा हे काम हलके समजले जाई. शिक्षण वाढले, 1947 मध्ये नर्सिंग कौन्सिलचा कायदा आला. तरी शीर शोधणे मुली शिकल्या त्या वॉर्डातच, थोरल्या सिस्टरच्या मागे उभे राहून आणि मग थेट रुग्णावर. कमळाचा देठ मध्येच कुठेतरी गळाला होता.

शिकवणे गावात न्यायचे, हा धडा मात्र राहूच्या शेजारीच घडला. भीमेकाठी शिरूर तालुक्यातल्या वढू येथे पुण्याच्या केईएमच्या डॉ. बानू कोयाजी यांनी 1970 च्या दशकात गावातल्याच बायकांना आरोग्याच्या कामासाठी तयार केले. 1993 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आता देठाच्या जागी रबरी हात आला आहे. त्यात लाल पाणी खेळते. 2019 पासून वैद्यकीय महाविद्यालयांत कौशल्य प्रयोगशाळा सक्तीची झाली, नर्सिंगच्या नव्या अभ्यासक्रमातही ती आली. पट्टा बांधायचा, सुई तिरपी घालायची, मागच्या कप्प्यात रक्त दिसले की कोन कमी करून नळी पुढे सरकवायची, आणि काढलेली सुई नळीत पुन्हा कधीच घालायची नाही, कारण नळी आत तुटू शकते. हे सारे रबरावर शिकता येते. जुलाबाने सुकलेल्या बाळाची दोऱ्याएवढी शीर रबरात नसते. तिथे पिवळी, चोवीस नंबरची नळी हातात घेतलेल्या नव्या सिस्टरशेजारी जुनी सिस्टर उभी असावीच लागते.