आधी कोर, मग गाडी

मे महिन्यातली दुपार. कसारा घाटात पुढे मालानं लादलेला ट्रक रांगतोय आणि आपल्या गाडीचा काटा लाल रेघेकडे सरकू लागलाय. अशा वेळी मुरलेला ड्रायव्हर एक उफराटी गोष्ट करतो. एसी बंद करतो, काचा खाली घेतो आणि हीटर पूर्ण सोडतो. आत बसलेल्यांचा जीव कासावीस होतो, पण काटा हळूहळू मागे येतो.

यात जादू नाही, भावाभावाचं नातं आहे. डॅशबोर्डाच्या मागे रेडिएटरचं एक धाकटं भावंड दडलेलं असतं. इंजिनातलं गरम पाणी त्याच्यातूनही फिरतं. पंखा त्यावरून हवा ढकलतो आणि इंजिनाची थोडी उष्णता आपल्या अंगावर येते. या भावंडाचं नाव हीटर कोर. त्याच पेटीत त्याच्या शेजारी एसीचा कोर बसतो, आपल्याकडचे मेकॅनिक ज्याला कूलिंग कॉइल म्हणतात. यातलं काहीही गळायला लागलं की गॅरेजात एक ठरलेलं वाक्य ऐकायला मिळतं, “साहेब, डॅशबोर्ड उतरवावा लागेल.”

अमेरिकेत पिकअप ट्रक दुरुस्त करणाऱ्यांत एक जुनी थट्टा चालते: कारखान्यात आधी हीटर कोर टांगतात आणि मग त्याच्याभोवती गाडी बांधतात. एखाद्या जाडजूड पुस्तकाएवढा हा ऐवज. तो बदलायचा तर बऱ्याच पिकअपमध्ये अख्खा दिवस मोडतो. एवढीशी वस्तू इतकी आत जाऊन कशी बसली?

या कुळाचा मूळपुरुष म्हणजे रेडिएटर. सुरुवातीच्या मोटारी इंजिनाची उष्णता पाणी उकळून वाफेबरोबर दवडत. 1888 साली बर्था बेंझ मानहाइमहून फोर्त्सहाइमला मोटार घेऊन निघाली, तेव्हा वाटेत तिला पुन्हा पुन्हा पाणी भरावं लागलं. इंजिनं मोठी झाली तसा हा कारभार चालेना. डाइम्लर कंपनीत विल्हेल्म मायबाख यानं 1901 च्या मर्सिडीजसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर रचला. सहा मिलिमीटर चौकोनी अशा 8,070 बारीक नळ्या त्यानं एकमेकींना डाख देऊन जोडल्या. नळ्यांतून वारा जायचा आणि त्यांच्यामधल्या फटींतून पाणी. युक्ती साधी होती: थोडं पाणी घ्यायचं, पण त्याला धातूमार्फत वाऱ्याशी भेटायला भरपूर जागा द्यायची. पुढे या घराण्यात जे जे जन्मलं, ते याच युक्तीवर जगलं. जाळीच्या या गाभ्यालाच कोर म्हणू लागले.

आता डॅशबोर्डाकडे वळू, कारण कोराचं बिऱ्हाड तिथेच आहे. हा शब्द मोटारीच्या आधीचा, घोडागाडीतला. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल गाडीवानाच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे एक उभी फळी असे. चिखल उडून आदळणं म्हणजे ‘डॅश’, म्हणून ती फळी डॅशबोर्ड. घोडा गेला, फळी राहिली. 1901 ची ओल्ड्समोबिल तर या फळीच्या बाकामुळेच ‘कर्व्ह्ड डॅश’ नावानं ओळखली गेली. पुढे इंजिन समोर आलं आणि फळी इंजिन व माणूस यांच्यामधली भिंत झाली. या भिंतीला आज आपण फायरवॉल म्हणतो, पण मोटारीचा सांगाडा आखणारे तिला अजूनही डॅश पॅनेल म्हणतात. घड्याळं आणि बटणं लावायची पाटी तिच्या अलीकडे नंतर आली. नाव मात्र तिनं फळीचंच घेतलं.

गाडीतल्या ऊबेची गोष्ट सांगताना हल्ली शिकागोच्या मार्गारेट विल्कॉक्स यांचं नाव हटकून येतं. 1893 साली त्यांनी ‘कार हीटर’चं पेटंट घेतलं हे खरं. पण त्या काळी अमेरिकेत ‘कार’ म्हणजे रेल्वेचा डबा. ड्युरिया बंधूंची पहिली मोटार रस्त्यावर आली तीच त्या वर्षीच्या सप्टेंबरात, आणि पेटंट नोव्हेंबरातलं. मोटारवाले त्यानंतरही बरीच वर्षं गुडघ्यांवर जाड पांघरुणं घेत आणि पायाशी निखाऱ्यांची पेटी ठेवत.

फोर्डनं 1925 मध्ये मॉडेल टीला मागे हौदा जोडून कारखान्यातून पिकअप विकायला काढली. किंमत 281 डॉलर, हीटर नाही. मॉडेल ए आल्यावर इंजिनाच्या धुराड्याभोवती पत्र्याचं कवच बसवून त्यातली गरम हवा फायरवॉलच्या भोकातून आत घ्यायची सोय झाली. ऊब मिळे, पण धुराडं कुठे फुटलं असलं तर ऊबेबरोबर विषारी वायूही आत येई.

मग 1930 च्या सुमारास कुणाकुणाला एक गोष्ट उमगली. इंजिनाचं गरम पाणी रेडिएटरमध्ये निवायला जातंच आहे, तर त्यातलं थोडं आत फिरवून न्यावं. फायरवॉलला दोन भोकं पाडली, दोन रबरी नळ्या आत घेतल्या, टोकाला छोटा रेडिएटर आणि मागे विजेचा पंखा. हा पहिला हीटर कोर. तो डॅशबोर्डाखाली उघड्यावर टांगलेला असे, चकचकीत पत्र्याच्या डब्यात. गळला तर दोन क्लॅम्प सोडायचे, चार नट काढायचे, की डबा हातात. आजच्या मेकॅनिकला हे ऐकून हेवा वाटावा.

डबा आत सरकवला तो नॅश कंपनीनं. 1937 मध्ये नॅश आणि केल्व्हिनेटर एकत्र आल्या. हो, आपल्याकडच्या कित्येक स्वयंपाकघरांत ज्या नावाचा फ्रिज होता, तीच केल्व्हिनेटर. 1938 च्या नॅशमध्ये बाहेरची ताजी हवा गाळून, गरम करून आत सोडायची सोय आली. आता नुसता डबा पुरेना, हवेला वाट हवी होती: नळकांडी, झडपा, जाळ्या. हे सगळं लपवायला डॅशबोर्डाची मागची पोकळी सोयीची होती. पिकअपमध्येही हे लोण आलं. 1947 मध्ये शेव्हरोलेनं आपल्या नव्या ट्रकची जाहिरात ‘श्वास घेणारी केबिन’ अशी केली, कारण तिच्यात बाहेरच्या हवेचा हीटर बसवून मिळत होता.

थंडाव्याची शाखा वेगळ्या वाटेनं आली. पॅकार्डनं 1940 च्या मोटारीत 274 डॉलरला एसी देऊ केला. त्याची कूलिंग कॉइल मागच्या डिकीत होती आणि अर्धी डिकी तिनंच खाल्ली होती. कॉम्प्रेसर बंद करायला बटण नव्हतं. बॉनेट उघडून पट्टा काढावा लागे. गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा दोनेक वर्षांत प्रकरण आटोपलं. युद्धानंतर 1953 मध्ये मोठ्या कंपन्यांनी पुन्हा एसी आणला, पण यंत्रणा अजून डिकीतच होती. 1954 मध्ये नॅशनं केल्व्हिनेटरचं फ्रिजचं ज्ञान वापरून सगळा पसारा पुढे आणला आणि गरम-थंड दोन्ही एकाच यंत्रणेखाली आणलं. किंमत 345 डॉलर.

इथे दोन भावंडांचं एकत्र कुटुंब झालं. आजही पेटीची मांडणी साधारण अशीच असते. हवा आधी कूलिंग कॉइलवरून जाते, तिथे तिच्यातला ओलावा पाणी होऊन गाडीखाली ठिबकतो. मग एक झडप ठरवते की यातली किती हवा हीटर कोरवरून फिरवायची. पावसाळ्यात काचेवरचं धुकं झटक्यात जातं ते दोघांनी मिळून काम केल्यामुळे. पिकअपमध्ये हा संसार साठच्या दशकात रुजू लागला. तोवर टेक्सससारख्या तापलेल्या मुलखात लोक डॅशबोर्डाखाली वेगळा एसी टांगून भागवत होते.

पुढे पितळ-तांब्याच्या जागी हलका ॲल्युमिनियम आला. 1987 च्या माँट्रियल करारानंतर ओझोनला मारक असलेला एसीतला जुना गॅस हद्दपार झाला. डॅशबोर्ड प्लास्टिकचा, अखंड झाला आणि नव्वदच्या दशकात त्यात एअरबॅग आली. प्रत्येक सोय आधीच्या सोयीच्या पुढ्यात येऊन बसली. कोर तिथेच होता, त्याच्यापुढची गर्दी वाढत गेली.

म्हणून कोर बदलणं म्हणजे हा इतिहास उलटा वाचणं. आधी बॅटरी सोडून एअरबॅग निजेपर्यंत थांबायचं. यंत्रानं एसीचा गॅस ओढून घ्यायचा, कूलंट म्हणजे इंजिनातलं पाणी काढायचं, स्टीअरिंगची दांडी खाली उतरवायची. मग दोघांनी धरून डॅशबोर्ड उचलायचा. मागे पेटी दिसते. तिचे नट काढायचे, दोन शकलं करायची, की जाळी हाती येते. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. एवढं उकलल्यावर शहाणा मेकॅनिक दोन्ही कोर, झडप आणि रबरी वॉशर एकदमच बदलतो. हाच मसाला पुन्हा वाटायची कुणाची तयारी असते?

डॅशबोर्ड उतरवण्याआधी मात्र पायाशी साचलेल्या पाण्याला बोट लावावं. स्वच्छ, बिनवासाचं असलं तर एसीच्या पाण्याची नळी तुंबलेली असू शकते, तारेनं काम होईल. चिकट, गोडसर वासाचं असलं आणि काच आतून तेलकट धुरकटत असली, तर हीटर कोर गेला. बोट तोंडात मात्र घालू नये, कूलंट विषारी असतं. कोर जातो तो बहुधा जुन्या कूलंटमुळे. त्यातली गंजरोधक द्रव्यं संपतात आणि पातळ ॲल्युमिनियम आतून खात जातं. वर कुणी बोअरचं पाणी ओतलं तर नळ्यांत क्षार बसतात, ते वेगळंच.

सगळं उतरवून झालं की मेकॅनिकसमोर फक्त ती जुनी फळी उभी असते. आता ती पत्र्याची आहे आणि पलीकडे घोडा नाही, इंजिन आहे. तिच्यात रबरी नळ्यांसाठी दोन भोकं असतात. तीसच्या दशकात पाडली, तशीच.