हुक्का, मोहरा आणि मदारी

मदारी हा शब्द मराठी वाचकाला आता बहुतेक वेळा राजकीय अग्रलेखातच भेटतो. कोणी पुढारी मदारी ठरतो, कोणी त्याच्या डमरूवर नाचणारे माकड ठरते. लिहिणाऱ्याला टोमणा मारायचा असतो, तो मारून होतो. पण ज्या माणसांचे हे नाव आहे त्यांच्यापर्यंत वाचक पोहोचत नाही. शब्द मात्र मोठ्या घरचा आहे. पंधराव्या शतकातले सूफी बुजुर्ग बदीउद्दीन शाह मदार यांच्या नावावरून तो आला. त्यांचा दर्गा उत्तर प्रदेशात कानपूर जिल्ह्यातल्या मकनपूरला आहे. त्यांच्या सिलसिल्यातले फकीर 'दम मदार' अशी हाक देत गावोगाव फिरत, ते मदारी. पुढे फिरत्या फकिराच्या झोळीत खेळ आला की फिरत्या खेळवाल्याला फकिराचे नाव मिळाले, याचा निवाडा आज करणे अवघड आहे. दख्खनमधल्या जुन्या बायका तर जमादिलअव्वल महिन्यालाच 'मदार' म्हणत. आमच्या वर्गातल्या मुलांना हे सांगितले की ती हसतात. त्यांच्या दृष्टीने मदारी म्हणजे माकडवाला, आणि माकडवाला तरी त्यांनी कुठे पाहिला आहे!

उर्दूत याच माणसासाठी आणखी एक शब्द आहे, हुक्काबाज. फारसीतून आलेला. वाचकाच्या डोळ्यांसमोर लगेच धूर येईल, पण या शब्दाचा तंबाखूशी थेट संबंध नाही. हुक्का म्हणजे मुळात लहान गोल डबी, दागिने किंवा अत्तर ठेवण्याची. ओढायच्या हुक्क्याला ते नाव नंतर पडले, पाण्याच्या गोल भांड्यामुळे. आणि मोहरा म्हणजे मणी, गोळी. डबीखाली गोळी ठेवायची, ती नाहीशी करायची, दुसऱ्या डबीखालून काढायची, हा खेळ करणारा तो हुक्काबाज. फारसी शायरांना हा माणूस इतका ओळखीचा होता की त्यांनी आभाळालाच हुक्काबाज ठरवले. उलटी वाटी आणि तिच्याखाली फसलेले आपण सगळे! उर्दू शाळेत 'फलक' हा शब्द शिकवताना आम्ही ही वाटी हमखास मध्ये आणतो.

म्हणजे वाट्या-गोळ्यांचा खेळ हा मदाऱ्याच्या पोतडीतला एक किरकोळ नग नव्हे. एका मोठ्या प्रदेशात जादूगाराचे नावच या खेळावरून पडले होते. खेळ किती जुना? इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमचा तत्त्वज्ञ सेनेका एका पत्रात जादूगाराच्या वाट्या आणि खडे यांचा दाखला देतो. फसवणूक आहे पण निरुपद्रवी आहे, आणि युक्ती कळली की गोडी संपते, असा त्याचा सूर आहे. इजिप्तमधल्या बेनी हसनच्या थडग्यातले चित्र याच खेळाचे आहे असे पुष्कळ पुस्तके ठासून सांगतात. ते वादग्रस्त आहे, तेव्हा त्याच्या नादी न लागलेले बरे.

बी.एड.च्या पाठटाचणात 'शैक्षणिक साधने' असा एक रकाना असतो. साधन स्वस्त हवे, परिसरात मिळणारे हवे, शेवटच्या बाकावरून दिसणारे हवे आणि शिक्षकाच्या हाताला बसणारे हवे, असे आम्हाला शिकवले गेले. या कसोटीवर मदाऱ्याच्या सामानाइतके विचारपूर्वक निवडलेले सामान आम्ही दुसरे पाहिले नाही.

युरोपातला जादूगार उभा राहून खेळ करतो. त्याच्यासमोर टेबल, प्रेक्षक फक्त पुढे. म्हणून त्याच्या वाट्या उंच, निमुळत्या, धातूच्या, एकात एक बसणाऱ्या. त्याला कोटाचे खिसे आहेत, टेबलाची मागची बाजू आहे. आपला मदारी जमिनीवर बसतो. लोक त्याच्या भोवती कडे करून उभे, म्हणजे वरून आणि तिन्ही-चारी बाजूंनी बघणारे. पाठीमागून पोरे डोकावणारच. अशा ठिकाणी उंच पेला कामाचा नाही. म्हणून त्याची वाटी बसकी, उथळ, परंपरेने लाकडाची, आणि वर लहानशी मूठ किंवा गोंडा. ही मूठ तो दोन बोटांच्या बेचक्यात धरतो आणि मनगट कलते करून वाटी उचलतो. मूठ दोन बोटांत गेली की बाकीची बोटे मोकळी राहतात. सगळी हिकमत त्या मोकळ्या बोटांत आहे. गोळी कापडाची, आत चिंध्या भरून शिवलेली. काचेची गोटी घरंगळेल, खडा वाजेल. कापडाची गोळी मुकी असते आणि चिमटीत दबते. खाली जुने पोते किंवा चादर अंथरलेली, त्यामुळे वाटी टेकल्याचाही आवाज नाही. गुडघ्याशी झोळी. डमरू केवळ गर्दी जमवायला असतो असे वाटते, पण डमरू वाजवायला हात उचलावा लागतो आणि हात झोळीकडे न्यावा लागतो, हे लक्षात घेतले की त्याचे दुसरे काम कळते.

लोक ज्या गोळ्या मोजत असतात त्यांपेक्षा एक गोळी खेळात जास्त असते. एवढे लिहिल्याने कोणाच्या पोटावर पाय येणार नाही; इंग्लंडात रेजिनाल्ड स्कॉट याने १५८४ सालीच हे छापून टाकले आहे. त्यापुढचे मात्र आम्ही लिहिणार नाही.

साधन मिळाले तरी शिकायचे कोणाकडून? मदाऱ्याचे विद्यालय म्हणजे उस्ताद आणि जमूरा. जमूरा म्हणजे चादरीखाली झोपून प्रश्नांची उत्तरे देणारे पोर, एवढेच आपण पाहतो. खरे तर ते पोर तेव्हा शिकत असते. झोळी वाहायची, पोते अंथरायचे, लोक किती पुढे सरकले की मागे हटवायचे, कोणत्या क्षणी मोठ्याने 'हां उस्ताद' म्हणायचे म्हणजे सगळ्यांचे डोळे आपल्याकडे वळतील. हात नंतर तयार होतात, आधी नजर आणि जीभ. बोलणे अर्धे दखनी, अर्धे त्या त्या गावचे. त्यात कलकत्त्याची काली आणि कोणी पीर एका दमात येतात. ही वही कोणी लिहिलेली नाही. बाप मेला की त्याचे बोलणे पोराच्या तोंडात, आणि पोराने धंदा सोडला की कुठेच नाही.

लिहिणारे लोक दुसरे होते. तेराव्या शतकात दमास्कसच्या अब्दुर्रहमान अल-जौबरी याने भोंदू, नकली फकीर आणि हातचलाखीवाले यांची गुपिते फोडणारे अरबी पुस्तक लिहिले. स्कॉटचा हेतू वेगळा. चेटूक केल्याच्या आरोपाखाली गरीब बाया मारल्या जात होत्या. त्याला दाखवायचे होते की चेटूक म्हणतात त्यात पुष्कळशी बोटांची करामत असते. एकाने युक्ती फोडली ती फसवणाऱ्यांना उघडे पाडायला, दुसऱ्याने आरोपींना वाचवायला. आपल्याकडे १९२२ साली मेजर ब्रॅन्सन या हिंदुस्थानी फौजेतल्या अधिकाऱ्याने हिंदुस्थानी जादूवर इंग्रजीत छोटे पुस्तक काढले. त्यात वाट्या-गोळ्यांचे स्वतंत्र प्रकरण आहे. एकूण सूर कमी लेखण्याचा आहे, पण आज हा खेळ शिकू पाहणाऱ्याला जुन्या काळचे जे थोडे छापील साहित्य हाती लागते त्यात हे आहे, हाही एक मासलाच. ज्यांनी खेळ केला त्यांचे पुस्तक नाही, आणि ज्याने नाक मुरडले त्याचे ग्रंथालयात जपलेले.

त्याच काळात साऱ्या जगाला वेड कशाचे होते? हवेत दोर उभा करून वर चढणाऱ्या आणि नाहीशा होणाऱ्या पोराचे. त्या खेळाची कीर्ती पसरली ती १८९० साली शिकागोच्या एका वर्तमानपत्राने छापलेल्या बातमीने, आणि ती बातमी खप वाढवण्यासाठी रचलेली थाप होती. वर्तमानपत्राने पुढे खुलासाही केला. खुलासा कोणी वाचला नाही. न झालेला खेळ जगभर गाजला. रोज चौकात होणारा वाट्यांचा खेळ बघून लोक एक पैसा टाकून निघून गेले. रामो सामी नावाने ओळखला जाणारा दक्षिणेतला एक बाजीगर एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लंडनला गेला, तिथे नावारूपाला आला. वाट्या-गोळ्या त्याच्या खेळात होत्या. १८५० साली तो मेला तेव्हा त्याच्या दफनाला घरात पैसे नव्हते.

महाराष्ट्रात जादूला रंगमंच आणि प्रतिष्ठा मिळाली ती पुण्याच्या जादूगार रघुवीर यांच्यासारख्यांमुळे. रघुवीर भोपळे, १९२४ ते १९८४. त्यांनी देशोदेशी प्रयोग केले, 'प्रवासी जादूगार' हे पुस्तक लिहिले, आणि पुढच्या पिढ्यांनी ती कला चालवली. मराठी मुलाच्या मनात जादूगार म्हणजे भरजरी पोशाख आणि तिकीट, हे चित्र तिथून आले. त्याबद्दल आदरच आहे. पण तिकीट काढून बसलेला प्रेक्षक आणि रस्त्यात थांबलेला प्रेक्षक यांत कायद्याने फरक केला, तो सांगितला पाहिजे. मुंबई भीक प्रतिबंधक कायदा, १९५९. त्यातली भीक मागण्याची व्याख्या वाचावी. गाणे, नाच, भविष्य सांगणे, खेळ करून दाखवणे, अशा कोणत्याही निमित्ताने सार्वजनिक जागी भिक्षा मागणे वा घेणे म्हणजे भीक. जादू तीच, गोळी तीच. नाट्यगृहात ती कला आणि चौकात निमित्त. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने दिल्लीपुरती या कायद्यातली बरीच कलमे घटनाबाह्य ठरवली.

दुसरीकडून प्राण्यांचे कायदे आले. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने साप गेला, १९९८ च्या अधिसूचनेने अस्वल आणि माकड गेले. प्राण्यांच्या बाजूने हे योग्यच झाले. पण त्यामुळे मदाऱ्याच्या पोतडीत निर्वेध राहिल्या त्या वाट्या आणि गोळ्या, आणि त्या मांडायला बसावे तर भीक. महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत 'मुस्लिम मदारी, गारुडी, सापगारुडी व जादूगार' अशी नोंद आहे. सरकारच्या एका कागदावर जादू हा परंपरागत व्यवसाय आहे आणि दुसऱ्या कागदावर गुन्हा. दोन्ही वाट्यांखाली माणूस तोच.

मुळशी तालुक्यात चांद्याला आम्ही हे लिहितो आहोत. चांदे-नांदे अशी ही जोडगावे. हिंजवडीच्या कंपन्या जवळ आल्यापासून इकडे जमिनीचे भाव आणि इमारतींची उंची दोन्ही वाढत गेली. मदाऱ्याला लागते काय? पाच-दहा पावले मोकळी जागा आणि हातात वेळ असलेली माणसे. फाटकावर सुरक्षारक्षक उभा असलेल्या संकुलात तो शिरू शकत नाही, आणि फाटकाबाहेर डंपर धावतात. मुलांना हा खेळ दिसायचा तर तो शाळेतच आणावा लागेल. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते चमत्कारांमागची हातचलाखी शाळाशाळांतून दाखवत आले आहेत, त्यामुळे वर्गात जादू नवी नाही. फक्त तिथे जादू पुरावा म्हणून येते. आम्हाला ती भाषेच्या तासाला हवी आहे.

साधनांचा रकाना आम्ही असा भरला. वाट्या तीन, लाकडी, कातकाम करणाऱ्याकडून करून घेतलेल्या. कसबा पेठेतल्या तांबट आळीतून तांब्याच्याही घडवून मिळाल्या असत्या, दिसल्याही झकास असत्या. पण तांबे वाजते आणि आठवीच्या मुलाच्या दोन बोटांना जड होते. मूठ मुलांच्या बेचक्यात बसेल एवढीच ठेवली. गोळ्या लाल कापडाच्या, कारण फरशीवर आणि पोत्यावर लाल रंग मागच्या रांगेतून दिसतो. जुनी ओढणी पुरली. संवाद मात्र विकत मिळत नाहीत. ते मुलांनी घरातल्या आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून आणायचे, उर्दू आणि देवनागरी दोन्ही लिप्यांत वहीत उतरवायचे, असे ठरले. उस्तादाचे प्रश्न पुष्कळांना आठवत होते. जमूऱ्याची उत्तरे जमवायला वेळ लागला. वर्गात भूमिका वाटायची वेळ आली तेव्हा मुली आधी पुढे आल्या, आणि त्यांतल्या एकीलाही जमूरा व्हायचे नव्हते.