मंडई, जकात आणि विश्रांतवाडी

पुण्याच्या मंडईस ज्या पुरुषाचें नांव आहे त्यानेंच ती मंडई बांधूं नये असें मत नगरपालिकेंत दिलें होतें, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक असते. परंतु त्या विरोधांत हिशेबाचा केवढा मोठा प्रश्न दडलेला होता, याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. जोतीराव फुले १८७६ पासून कांहीं वर्षें पुणें नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठीं शहर शृंगारण्याकरितां १,००० रुपये खर्चावे असा ठराव १८८० मध्यें आला, तेव्हां त्यास त्यांनीं विरोध केला. पुढें मंडईच्या भव्य इमारतीचा विचार निघाला, तेव्हांही हा पैसा शिक्षणाकडे लावावा असें त्यांचें म्हणणें पडलें. मंडई झालीच. १८८६ सालीं ती उघडली, गव्हर्नरांच्या नांवानें रे मार्केट म्हणून नांदूं लागली, आणि अर्धशतक उलटून गेल्यावर विरोधकाचेंच नांव तिला मिळालें.

हा विरोध केवळ काटकसरीचा नव्हता. नगरपालिकेचा पैसा येत होता कोठून, हें पाहिलें म्हणजे त्याचा अर्थ उलगडतो. उत्पन्नाचा मोठा भाग जकातीचा होता. धान्य, तूप, साखर, जळण असे जिन्नस शहराच्या हद्दींत शिरतांना नाक्यावर थांबावयाचे, तेथें ठराविक दरानें जकात द्यावयाची, आणि माल न विकतां शहरापलीकडे गेला तर ती परत मागावयाची, अशी रीति होती. आतां वाड्यांतील सावकाराच्या पोटास आणि हमालाच्या पोटास लागणाऱ्या धान्यांत फारसें अंतर नसतें. सावकाराच्या मिळकतींतून ही जकात न कळत जाई. हमालाच्या मिळकतीचा मात्र ती लचका तोडी. ज्याच्या भाकरींतून पैसा निघाला त्याच्या मुलांस त्यांतून काय मिळालें, असा फुले यांचा रोख होता.

तथापि मंडईच्या बाबतींत नगरपालिकेचा पक्ष अगदींच लंगडा होता असें मला वाटत नाहीं. त्यापूर्वीं भाजीबाजार शनवारवाड्यासमोरच्या उघड्या मैदानांत भरे. पक्क्या छपराखालीं ओटे बांधल्यानें नगरपालिकेस वर्षानुवर्षें भाडें मिळूं लागलें. म्हणजे स्वागताच्या कमानीसारखा हा खर्च एका दिवसांत वाऱ्यावर गेला नाहीं. ज्या खर्चांतून उद्यांचें उत्पन्न उभें राहतें तो कोणता, आणि ज्यांतून केवळ आजचा दिमाख उभा राहतो तो कोणता, ही निवड नगरपालिकेस त्या वेळीं निदान आपल्या सभेंत बसून करतां येत होती. जकात वाईट खरीच. अर्थशास्त्राच्या वर्गांत तिला शिव्या देणें हा तर आम्हां प्राध्यापकांचा पिढीजात उद्योग. परंतु ती शहराची स्वतःची होती, रोजच्या रोज तिजोरींत पडे, आणि तिच्यासाठीं कोणाच्या दारांत उभें राहावें लागत नसे.

शहर वाढवावयाचें तर त्या वाढीनेंच आपला खर्च भागवावा, हा विचार आपल्याकडे नवा नाहीं. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यांत तो स्पष्ट होता. शेतांचे वेडेवांकडे तुकडे एकत्र करावयाचे, त्यांतून रस्ते व मोकळ्या जागा काढून उरलेल्या जमिनीचे सरळ भूखंड मूळ मालकांस परत द्यावयाचे, आणि योजनेमुळें जमिनीची जी किंमत वाढेल तिचा अर्ध्यापर्यंतचा भाग त्यांच्याकडून खर्चापोटीं घ्यावयाचा. पुण्याची पहिली योजना भांबुर्ड्याची, म्हणजे आजच्या शिवाजीनगरची. रस्ता आधीं, घरें मागाहून, असा तेथला क्रम.

याच्या उलट क्रम पाहावयाचा असेल त्यानें आळंदीच्या रस्त्यानें विश्रांतवाडीस जावें. ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी पुण्यास येते ती याच वाटेनें. १५ फेब्रुवारी १९५० रोजीं पुण्याची महानगरपालिका झाली. पण विश्रांतवाडीलगतचीं कळस व धानोरी हीं गांवें शहरांत आलीं तीं १९९७ सालीं, इतर अनेक गांवांसह. त्यांचा विकास आराखडा सरकारकडून टप्प्याटप्प्यानें मंजूर होण्यास दहा वर्षांहून अधिक काळ लागला. तोंवर शेतें विकलीं गेलीं, इमारती चढल्या. शहर जवळ आल्यानें जमिनीची जी किंमत वाढली ती विकणाराच्या व बांधणाराच्या पदरीं पडली. शहराच्या पदरीं पडलीं तीं पाण्याचीं व सांडपाण्याचीं मागणीपत्रें. आराखड्यावर दाखविलेला रस्ता प्रत्यक्ष करावयाचा, तर त्या जागेचा मोबदला रोख किंवा विकासहक्काच्या रूपानें द्यावा लागतो, आणि द्यावयास कांहीं नसेल तर रस्ता नकाशावर राहतो.

अशा वेळीं तिजोरीच्या किल्ल्या कोणाकडे गेल्या तें पाहावें. १ एप्रिल २०१३ रोजीं पुण्यांतील जकात गेली व तिच्या जागीं स्थानिक संस्था कर आला. व्यापाऱ्यांचा त्यावर मोठा रोष झाला. ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आंतील उलाढालीस तो माफ झाला, आणि १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवाकरांत उरलासुरलाही बुडाला. आतां राज्यसरकार नुकसानभरपाई देतें. ती दरसाल चक्रवाढीनें ८ टक्के वाढावी असें कायद्यानें ठरविलें. नाक्यावरची लांच आणि मालमोटारींची रांग गेली, याचें दुःख कोणास होणार? पण विश्रांतवाडीच्या बाजारांत उद्यां उलाढाल दुप्पट झाली, तरी त्या भरपाईचा आंकडा त्यामुळें एका पैशानेंही हलत नाहीं. गांवाचा व्यापार वाढविण्याशीं गांवाच्या तिजोरीचा जो सरळ संबंध होता, तो तुटला.

मिळकतकर तेवढा हातीं उरला. पण तोही कितपत? घरमालक स्वतः राहत असल्यास ४० टक्के सवलत, असें पुण्याच्या सभेनें १९७० मध्यें ठरविलें होतें. २०१९ मध्यें ती सवलत थांबली, २०२३ मध्यें पुन्हा मिळाली, आणि दोन्ही वेळां अखेरचा शब्द मुंबईचाच होता. फुरसुंगी व उरुळी देवाची हीं २०१७ सालीं आंत घेतलेलीं गांवें तर, कराच्या मानानें सोयी मिळत नाहींत अशी तक्रार करीत, २०२४ मध्यें पुन्हा बाहेर पडलीं.

कर्ज हा दुसरा मार्ग. जून २०१७ मध्यें महापालिकेनें चोवीस तास पाण्याच्या योजनेसाठीं २०० कोटींचे रोखे ७.५९ टक्के व्याजानें, दहा वर्षांच्या मुदतीनें काढले. अहमदाबादेनें हें १९९८ मध्येंच केलें होतें. टिकाऊ कामासाठीं कर्ज काढण्यांत गैर कांहीं नाहीं. नळाचें पाणी पुढची पिढी पिणार, तिनें थोडा भार उचलावा हें न्याय्यच. मात्र ज्यांच्या पुढच्या पट्टीवर हें कर्ज फिटावयाचें, त्यांस ‘हें नको, तें करा’ असें म्हणण्याची जागा असावी लागते. फुले नियुक्त सभासद होते, तरी सभेंत त्यांस विरोध नोंदवितां आला. मार्च २०२२ मध्यें पुण्याच्या नगरसेवकांची मुदत संपली व निवडणुका लांबल्या. २०२५-२६ चें १२,६१८ कोटींचें अंदाजपत्रक प्रशासकानेंच तयार केलें आणि प्रशासकानेंच मंजूर केलें, तेव्हां सभागृहांत विरोधाचा हात वर करावयास एकही सभासद नव्हता.