लोकरी सूट : वापर, निगा आणि प्रवास

एकाच थानातल्या लोकरी कापडातून अंगमापाने शिवलेला कोट आणि पँट म्हणजे सूट. जोडीला त्याच कापडाचा वेस्टकोट असला की थ्री-पीस. त्याचे आजचे रूप एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमध्ये घडले. १८४६ साली हेन्री पूल याने आपल्या दुकानाचा दर्शनी दरवाजा लंडनच्या सॅव्हिल रोवर उघडला आणि पुढे ती गल्ली शिंप्यांची म्हणूनच जगभर ओळखली गेली. कापडासाठी यॉर्कशरमधले हडर्सफील्ड आणि इटलीतले बिएला ही नावे आजही घेतली जातात. महाराष्ट्रात हा मान ठाण्याचा. तिथे १९२५ साली लोकरीची गिरणी निघाली, १९४४ साली ती सिंघानिया कुटुंबाकडे आली आणि ‘रेमंड’ हे नाव सुटाच्या कापडाशी कायमचे जोडले गेले. गिरणी बंद झाली; तिच्या जागेवर आता निवासी मनोरे उभे आहेत.

मराठी सार्वजनिक जीवनात सुटाला सर्वांत मोठा अर्थ दिला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. ज्या समाजाने कोणी काय नेसावे यावरही बंधने घातली, त्या समाजात त्यांचा नीटनेटका थ्री-पीस सूट हे स्वाभिमानाचे उघड विधान होते. गावोगावच्या पुतळ्यांवर निळा कोट दिसतो तो त्यामुळेच. त्यांच्या वापरातल्या वस्तू पुण्याच्या सिम्बायोसिस संग्रहालयात आणि नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात जपलेल्या आहेत.

सूट अंगावर घालून जितका झिजतो त्याहून जास्त तो घाईच्या इस्त्रीने, वरचेवर केलेल्या ड्रायक्लीनने आणि बंद कपाटाने खराब होतो. याचे कारण लोकरीच्या तंतूत आहे. लोकर म्हणजे केराटिन, केस आणि नखे ज्याची बनतात तेच प्रथिन. हा तंतू नैसर्गिकरीत्या नागमोडी असतो आणि कोरड्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश एवढी वाफ शोषूनही हाताला ओला लागत नाही. केराटिनच्या साखळ्यांमधले हायड्रोजन बंध ओलाव्याने आणि उबेने सुटतात आणि तंतू सुकताना पुन्हा जुळतात. सुटताना तंतू मोकळा असला तर तो आपल्या मूळ आकाराला येतो, दाबलेला असला तर त्या दाबाचाच आकार घेतो. वाफेवर टांगलेल्या कोटाची सुरकुती जाते ती यामुळे, आणि घामेजलेल्या अंगाने तासन्‌तास बसल्यावर गुडघ्याला फुगवटा येतो तोही यामुळेच. पँटची घडी कायमची बसवण्याची ‘सायरोसेट’ ही रासायनिक प्रक्रिया ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संस्थेत १९५७ साली विकसित झाली. ती मात्र तंतूतल्या गंधकाच्या अधिक चिवट बंधांवर काम करते.

म्हणून निगेतला पहिला उपाय बिनखर्चाचा आहे : विश्रांती. घरी आल्यावर खिसे रिकामे करावेत, कोट रुंद खांद्यांच्या लाकडी हँगरवर अडकवावा, पँट मोहरीकडून धरून उलटी टांगावी आणि दोन्ही कपाटाबाहेर, पंख्याच्या वाऱ्यावर रात्रभर राहू द्यावीत. तोच सूट दुसऱ्या दिवशी घालू नये. टांगण्याआधी नैसर्गिक केसांच्या ब्रशने वरून खाली धूळ झटकावी. कॉलरच्या आतली बाजू आणि खिशांची झाकणे विसरू नयेत. तारेचा हँगर खांद्याला टोक आणतो, तो लॉण्ड्रीतून घरापर्यंत येण्यापुरताच वापरावा.

इस्त्री हा सर्वांत नाजूक भाग आहे. गरम लोखंड लोकरीवर थेट घासले की तंतू चपटे होतात, प्रकाश परतवतात आणि कोपरावर, बैठकीवर ती ओळखीची चकाकी येते. ही चकाकी वाफ आणि ब्रशने थोडी कमी होते, पूर्ण जात नाही. मधे ओलसर सुती फडके ठेवावे, इस्त्री उचलून टेकवावी, ओढू नये. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे पँट फडक्यासह द्यायला हरकत नाही. कोट मात्र देऊ नये. लॅपल हा कॉलरपासून वरच्या बटणापर्यंत वळत येणारा भाग आहे, तो सपाट दाबला की कोटाची छाती निर्जीव दिसते.

या वळणाच्या मागे काय आहे तेही पाहून घ्यावे. चांगल्या कोटात पुढच्या बाजूला, कापड आणि अस्तर यांच्या मधे, घोड्याच्या केसांचा आणि लोकरी-सुती धाग्यांचा कॅनव्हास हाताने टाचलेला असतो. स्वस्त कोटात त्या जागी चिकटवलेला थर असतो, शिंपी त्याला पेस्टिंग म्हणतात. बटणांच्या मधले कापड दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून हलके ओढावे. आत तिसरा, सुटा थर सरकताना जाणवला तर कॅनव्हास आहे. पेस्टिंगच्या कोटाला उष्णतेने आणि वारंवारच्या ड्रायक्लीनने छातीवर फोड येऊ शकतात आणि ते दुरुस्त होत नाहीत.

ड्रायक्लीनचा इतिहास एका योगायोगाने सुरू होतो. १८२१ साली न्यूयॉर्कच्या थॉमस जेनिंग्ज या कृष्णवर्णीय शिंप्याने कपडे कोरडे स्वच्छ करण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळवले, आणि त्याच वर्षी मायकेल फॅरडेने पर्क्लोरोएथिलीन प्रथम तयार केले. या द्रावणाचा धुलाईत वापर व्हायला पुढे शंभरहून अधिक वर्षे गेली. आता त्याच्या आरोग्यावरील परिणामांमुळे अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०२४ च्या अखेरीस धुलाई व्यवसायातून ते टप्प्याटप्प्याने हटवण्याचा नियम केला. अधूनमधून घातला जाणारा सूट हंगामाअखेर एकदा दिला तरी पुरतो. देताना कोट आणि पँट एकत्रच द्यावेत, नाहीतर दोघांच्या रंगात फरक पडतो.

डागांच्या बाबतीत मराठी लग्नसमारंभ हाच मोठा कसोटीचा प्रसंग. हळदीतले कर्क्युमिन लोकरीला रंगासारखेच धरते, त्यामुळे अंगावर पडलेल्या हळदी-कुंकवाच्या अक्षता ओल्या हाताने पुसू नयेत, कोरड्याच झटकाव्यात. आमटीचा थेंब पडला तर स्वच्छ कापडाने टिपावा, मग गार पाण्याचा बोळा लावून पुन्हा टिपावा. चोळू नये : लोकरीच्या तंतूवर खवले असतात, पाणी आणि घर्षण मिळाले की ते एकमेकांत अडकतात आणि कापड नमद्यासारखे घट्ट होते. ब्लीच किंवा धुण्याचा सोडा कधीच नको. क्लोरीनचे ब्लीच लोकर विरघळवते.

साठवणीत खरा शत्रू कसर. कपड्यांच्या पतंगाच्या अळ्या केराटिन पचवतात, आणि घाम वा अन्न लागलेले कापड त्यांना अधिक आवडते; म्हणून मळका सूट कपाटात ठेवणे सर्वांत धोक्याचे. कोकण, गोवा आणि मुंबईत पावसाळ्यातल्या दमट हवेने बुरशीची भर पडते. सूट लॉण्ड्रीच्या प्लॅस्टिकमध्ये कोंडू नये, सुती खोळीत ठेवावा. पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा कपाट उघडावे आणि ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत सूट बाहेर काढून सावलीत टांगावा. डांबरगोळ्यांनी कसर मरते, पण नॅफ्थलीनची वाफ लहान बाळांना घातक ठरू शकते, शिवाय वासही सहजी जात नाही. वेखंड आणि कडुलिंबाचा पाला घरोघरी ठेवतात. ठेवावा, मात्र तेवढ्यावर विसंबू नये. कसर लागल्याचा संशय आला तर सूट पिशवीत घट्ट बांधून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावा, अळ्या आणि अंडी दोन्ही मरतात.

प्रवासासाठी कापडाची निवडच निम्मे काम करते. सुपर १०० या शिक्क्याचा अर्थ तंतूची सरासरी जाडी जास्तीत जास्त १८.७५ मायक्रॉन, सुपर १५० चा १६.२५. आकडा वाढतो तसे कापड मऊ होते, पण नाजूकही होते आणि चुरगळते. फिरतीच्या माणसाने आकड्याच्या मागे न लागता जास्त पीळ दिलेल्या धाग्याचे, साध्या उघड्या विणीचे कापड घ्यावे. हवा खेळती राहते, त्यामुळे मे महिन्यातल्या स्वागतसमारंभालाही तेच बरे. टेरिवूलची घडी टिकते, पण पॉलिएस्टर जितके जास्त तितके ते उकडते.

बॅग भरताना कोटाचा एक खांदा उलटा करून अस्तर बाहेर काढावे, दुसरा खांदा त्यात नीट बसवावा आणि उभी घडी घालावी. आता सगळे कापड आत आणि अस्तर बाहेर येते. हा कोट लॉण्ड्रीच्या पातळ प्लॅस्टिकमध्ये घालून, मधे बनियन-मोज्यांची मऊ गुंडाळी ठेवून एकदाच आडवा दुमडावा. प्लॅस्टिकमुळे थर एकमेकांवरून घसरतात आणि सुरकुती पक्की होत नाही. सूट घालूनच रात्रभराचा प्रवास करू नये. अंगाची ऊब आणि घाम मिळून तो चुरगळलेल्या आकारातच सेट होतो. मुक्कामी पोचताच कोट न्हाणीघरात गरम पाण्याच्या वाफेत दहा-पंधरा मिनिटे टांगावा आणि नंतर बाहेर पूर्ण सुकू द्यावा. ओलसर असतानाच घातला तर वाफेचे काम उलटते.

घालताना पाळायच्या गोष्टी थोड्या आहेत. नव्या कोटाच्या मागच्या फटीवरचा पांढरा फुलीचा टाका आणि बाहीवरचे कंपनीचे लेबल कापून टाकायचेच असते; स्वागतसमारंभात कित्येक नवरदेव ते दोन्ही मिरवताना दिसतात, आणि सांगणारे कोणी नसते. सर्वांत खालचे बटण उघडे, बसताना सगळी उघडी, बाहीतून शर्टाचा कफ सेंटिमीटरभर बाहेर.

कोटाच्या आधी पँट जाते, म्हणून शिवतानाच त्याच थानातून दोन पँटी करून घ्याव्यात आणि शिलाईच्या आत जादा कापड सोडायला सांगावे. कंबर आणि बाहीची लांबी पुढे बदलता येते, छातीही थोडी सोडवता येते. खांदा मात्र जवळजवळ बदलत नाही, म्हणून पहिल्या ट्रायललाच तो नीट पाहावा. सिगारेटच्या ठिणगीचे किंवा कसरीचे भोक रफूगार दुरुस्त करतो. त्यासाठी तो दुमडीच्या आतल्या कापडातून धागे काढून तेच विणीत एकेक ओवतो. कापडाचा उरलेला तुकडा शिंप्याकडून मागून घेऊन सुटाच्या खोळीतच ठेवावा.